तीन अक्षरं उंदराची

हिंजवडीच्या त्या कंपनीत संगणकवाले पैशाला पासरी होते. प्रयोगशाळेत प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, हाताळलेली मी एकटीच. नागपूरहून जीवरसायनशास्त्र शिकून आले होते. आमचे साहेब कोथरूडचे. मुलाखतीत माझं आडनाव ऐकून "अच्छा" म्हणाले आणि जरासे थांबले. त्या थांबण्याचा अर्थ आमच्याकडे पोरासोरांनाही कळतो.

काम एका परदेशी औषध कंपनीचं. उंदराच्या शरीरात तयार झालेलं एक प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीला घट्ट धरायचं. ते तसंच माणसाला टोचलं, तर शरीर त्याला परकं म्हणून ओळखतं आणि हाकलून देतं. म्हणून पेशीला धरणारी टोकं तेवढी उंदराची ठेवायची आणि बाकी सांगाडा माणसाचा घालायचा. याला मानवीकरण म्हणतात. संगणकावर हे सगळं अक्षरांच्या लांबलचक ओळीसारखं दिसतं, एकेका अमिनो आम्लाला एक अक्षर, आणि अक्षरं दिसली की आमच्या हुशार मंडळींना वाटायचं, शोधा, बदला, झालं काम.

मी सांगितलं, "सांगाड्यातली ही तीन अक्षरं उंदराचीच राहू द्या. टोकं त्यांच्यावर टेकलेली आहेत."

"अहो, क्लायंटला माणूस हवाय," साहेब म्हणाले. "उंदीर काय, मंडईत फुकट मिळतात."

सगळे हसले. असल्या विनोदांना हसणं हा तिथे नोकरीचाच भाग होता.

सांगाड्यात एकही उंदीर उरला नाही म्हणून केक कापला. शेजारच्या टेबलावरची बाई केक खाता खाता कौतुकाने म्हणाली, "तुझं ते 'मले-तुले' अगदी गेलं हं. आता कळतसुद्धा नाही तू तिकडची." जणू माझा नायटाच बरा झाला होता. मला तिचा राग नाही आला, किळस आली.

काही महिन्यांनी परदेशातून निरोप आला. प्रतिपिंड दिसायला अगदी माणसाचं, पण पेशीला धरेचना. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपण हे आधी का नाही बोललात?"

या माणसाला लाज विकत आणून दिली असती, तर त्याने आधी तिची पावती मागितली असती. मी वाद न घालता तीन अक्षरं परत जागेवर ठेवली. आता नाही धरलं, तर माझ्या आडनावाच्या माणसांना काही जमत नाही, हे सिद्ध करायला सगळे टपलेलेच होते.

धरलं. पहिल्यासारखंच घट्ट.

मग क्लायंटला दाखवायची स्लाइड आली. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "हे 'उंदराची अक्षरं' जरा बरं दिसत नाही. 'विशेष सुधारणा' लिहू या. कुठून आली ते सांगायची काय गरज?"

"उंदराचीच लिहा," मी म्हणाले. "धरलंय त्यांनीच."