फिकट काचा

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे दुसऱ्या माणसाबद्दल लिहिण्याचा मला काय अधिकार, असं मी वार्षिकांकाच्या संपादकांना विचारलं. ते म्हणाले, लिहा. चुकलं तर माफ करावं. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचा मी कायम हेवाच केला, हेही आधीच सांगून टाकतो.

आम्ही त्याला पिवळा म्हणायचो. तो सणसरचा, मी सांगवीचा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही काचेच्या पट्ट्यांवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ पिवळा थर चढवायचो. त्याच्या बोटांची टोकं सदा पिवळी असत. सर रागवायचे, हे विष आहे म्हणायचे. तो निमूटपणे हातमोजे घालायचा आणि थोड्या वेळाने काढून ठेवायचा, कारण मोज्यातून काच हाताला कळत नाही म्हणे. मेसमध्ये मुलं विचारायची, "काय रं, कवा लागली हळद? पोरगी कुठली?" तो हसायचा. मी मोजे कधी काढले नाहीत. माझी कधी कुणी थट्टाही केली नाही.

कुठल्याही विभागात शिरायचं ही त्याची दुसरी खोड. आम्ही पदार्थविज्ञानाचे, पण हा दुपारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तर संध्याकाळी प्राणिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकावर. दारात चपला काढाव्यात की नको, इथेच माझं अडायचं. तुला भीती कशी वाटत नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "वाटण्या सरांनी केल्यात, लका. पदार्थाला काय त्याचं?" हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो थर सोलर सेलसाठी होता. शेतातली मोटर दिवसा उन्हावर चालावी, हे आमचं दोघांचं स्वप्न. पण पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी सर एकाचंच नाव देऊ शकत होते. मला ती जागा हवी होती. दुसरं काही नकोच होतं.

एके दिवशी प्रयोग चालू असताना लाईट गेली. काचा ज्या द्रावणात उभ्या करतात ते तापतं ठेवावं लागतं. ते आमच्यासमोर निवत गेलं. दोघांच्याही काचांवर दाट पिवळ्याऐवजी लिंबाच्या सरबतासारखा फिकट रंग आला. मी माझ्या काचा आम्लाने धुतल्या, दुसऱ्या दिवशी नव्याने थर चढवला आणि सरांची शाबासकी मिळवली. पिवळ्याने त्याच्या काचा खिडकीत उभ्या केल्या. "ह्ये बिघडल्यालं न्हाय," तो म्हणाला. "बारीक झालंय."

थर पातळ असला की रंग फिका दिसणारच, असं सर म्हणाले. तेव्हा त्याने मुद्दाम गार द्रावणात थरावर थर चढवून जाडी वाढवली. रंग फिकाच राहिला. कण इतके बारीक झालेत की त्यांचा रंगच बदललाय, असं त्याचं म्हणणं. सर काचा रुमालात गुंडाळून स्वतः पुण्याला गेले, आणि येताना 'नॅनो' हा शब्द घेऊन आले. जागेसाठी नाव पिवळ्याचं गेलं.

त्याची ट्रंक एसटीवर मीच चढवली. "तू बी ठिवायच्या व्हत्यास काचा," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. खरंच हळहळत होता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी इथेच बी.एड.ला राहिलो. गेल्या महिन्यात आमच्या वर्गातला दत्ता पुण्याहून आला, इंदापूरच्या स्टँडवर भेटला. त्याच्याकडून कळलं की पिवळ्याने शोधलं ते परदेशात आम्ही शाळेत असतानाच कुणीतरी दाखवून झालं होतं. ती मासिकं आमच्या ग्रंथालयात येत नाहीत, म्हणून सरांनाही पत्ता नव्हता. पुण्याच्या लोकांना होता. पोराने आपलं आपण काढलं म्हणून त्यांनी त्याला घेतलं.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट माझंच काहीतरी कुणी उचलून नेलं असं वाटलं. खचला असेल, मी म्हणालो.

"खचतोय कसला," दत्ता म्हणाला. "समजलं त्या दिवशी सगळ्यांला चहा पाजला त्यानं. आता डॉक्टर लोकांच्या मागं लागलाय. आसला बारीक कण पेशीत सोडला तर त्यो चमकून रोगाची जागा दावंल का, म्हणून." मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "तुला निरोप हाय त्याचा. म्हणला, त्याला सांग, परदेशात बी त्येच निघालं, आपलं दोघांचं खरं व्हतं."