अल्काच्या स्टुडिओतला काळा हातमोजा

चिचगडच्या बाजारात कुजबुज अशी होती, की अल्का रंगारीने आपल्या फोटो स्टुडिओत एका नवरीचा गळा चिरला. साक्षीदारही होता, शेजारचा मोबाईलवाला बंटी. त्याने म्हणे खिडकीच्या फटीतून पाहिलं. अर्धी खोली लाल, अर्धी निळी. खाली नवरी, डोळे टक्क उघडे. वर काळा हातमोजा घातलेला हात, हातात वस्तरा. बंटी फटीला डोळा लावून काय करत होता, हे मात्र कोणी विचारलं नाही. आपल्याकडे पाहणाऱ्याला माफी असते.

नवरी, म्हणजे गुंजन, लगेच पाणीपुरी खाताना दिसली. तरी अफवा मरेना. लोक म्हणाले, हे तिचं भूत. तिखट जास्त मागून राहिलं होतं.

अल्का चाळिशीची, एकटी, तोंडाने फटकळ. वडील झाडीपट्टीच्या नाटकांना लाईट लावायचे. ते गेले, मागे दिव्यांवर लावायच्या जिलेटिनच्या रंगीत कागदांची पेटी राहिली. पुढे मोबाईलवर तिला जुने इटालियन खुनाचे सिनेमे सापडले. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण भिंत अळत्यासारखी लाल, जिन्यावर निळा उजेड, पिवळ्या कोटातली बाई, पडदाभर एकच घाबरलेला डोळा, आणि खुन्याचा फक्त हातमोजा! ती म्हणायची, "त्याईच्यात मरणारी बाई बी अशी सजते, जशी आपल्याकडं नवरी सजत नाई."

बाकी पोरी लग्नाआधीच्या फोटोत तळ्याकाठी नवऱ्याच्या हातून फूल घेतात. गुंजनला फोटोत त्या सिनेमांसारखा खून पाहिजे होता. फोटो इतका देखणा उतरला, की अल्काने तो पुरुषभर उंचीचा करून दारावर लावला.

गुंजनचा होणारा सासरा खेमराज बायकोला, शामकलाबाईंना, घेऊन तणतणत आला.

"काऊन वं अल्का, माह्या सुनेचा मुडदा रस्त्यावर टांगून राहिली? काढ तो!"

"नाई काढत."

"मंग सांग, हात कोनाचा? कोन परका मानूस होता अंदर?"

"ते बी नाई सांगत. जबान देली हाय."

"गावातलं एक लगन तुले भेटू देनार नाई!"

"नका देऊ, भाऊ. म्हशीचे फोटो काढीन. लाल-निळ्या उजेडात म्हैस बी हिरोईन दिसते."

शामकलाबाई तोंडावर पदर धरून फोटो निरखत होत्या. हळूच म्हणाल्या, "वस्तरा बाकी बराबर धरला हाय."

खेमराजने शब्द खरा केला. अल्काकडे हळदीचंही काम येईना. उन्हाने फोटोतला लाल फिका पडला, तर तिने नवा छापून तिथेच ठोकला. हात कोणाचा ते सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. सांगितलं नाही.

गुंजनच्या लग्नात खेमराजने गोंदियाहून फोटोवाला आणला. मांडवात शामकलाबाईंनी त्याचा कॅमेरा बाजूला सारला. "अल्काले बलावा. नाई तं मी फोटोत उभी नाई राहत."

"कायले? त्या खुनी बाईले कायले?" खेमराज गरजला.

मग बाईंनी सगळ्या वऱ्हाडादेखत काय ते सांगून टाकलं.

सुनेवर नजर ठेवायला म्हणून त्या स्टुडिओत गेल्या होत्या. तो उजेड पाहून त्यांनाही फोटोत यावंसं वाटलं. हात शामकलाबाईंचा होता. हातमोजा स्कूटीचा होता.