दर चार तासांनी

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरने माझी लघवीची पिशवी काढली, आणि दुपारपर्यंत मला कळलं की मला लघवी करता येत नाही. पोट नाभीपर्यंत टम्म झालं होतं. मी संडासात बसून नळ सोडला, पायांवर गार पाणी ओतलं, लहान मुलांना करतात तसं तोंडाने शूऽऽ केलं. काही नाही. पण उठले तसं पायावरून थेंब थेंब ओघळायला लागलं, आणि तेही मला घोट्याला कोमट लागल्यावरच समजलं.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. पालीच्या पुढे एका हायस्कुलात मराठी शिकवायची. रत्नागिरीत राहायची, सकाळच्या एस.टी.ने जायची, संध्याकाळी परत. नवरा बोटीवर. सहा-सात महिने समुद्रावर आणि दोन-अडीच महिने घरी, असं आमचं सगळं लग्न गेलं. मुलगी पुण्यात नोकरीला. घरात मी आणि सासूबाई.

कंबर बरीच वर्षं दुखायची. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा उचलताना आत काहीतरी सटकलं आणि दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली. बसलं तर खाली खुर्ची आहे की नाही कळेना. मी दोन दिवस तशीच शाळेत गेले. पेपर तपासून द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी पाय उचलेना तेव्हा दवाखान्यात गेले. ऑपरेशन करणारे डॉक्टर नंतर एवढंच म्हणाले, "दोन दिवस आधी आला असतात तर नसा वाचल्या असत्या कदाचित." त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. तरी ते दोन दिवस आजही माझ्या छातीवर बसलेले आहेत.

मूत्राशय रिकामं करायला आता नळी लागणार होती. दर चार तासांनी, स्वतःच्या हाताने. शिकवायला एक कोल्हापूरकडची सिस्टर आली. मोठ्या आवाजाची, पण हात हलका. तिने औषधाच्या चिठ्ठीमागे पेनाने तीन ठिपके काढले.

"बाई, हे वरचं, हे मधलं, हे मागचं. आपल्याला वरचं पाहिजे. सगळ्यात बारीक तेच."

मग तिने माझ्या हातात आरसा दिला.

मी एक मुलगी जन्माला घातली होती. पंचवीस वर्षं संसार केला होता. पण तो भाग मी कधी पाहिला नव्हता. आरशात पाहिलं आणि मान फिरवली. ती म्हणाली, "बघा नीट. शरम गेली की काम जमतंय." शरम काही गेली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर काम जमलं, आणि मला घरी सोडलं.

घरी पहिल्याच सकाळी जमेना. आमच्या न्हाणीघरात उजेड कमी. प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, बादलीला आरसा टेकवला, हात धुतले, नळीला जेली लावली. नळी गेली, सरसर गेली, पण लघवी येईना. काढली, धुतली, पुन्हा घातली. तेच. तिसऱ्या वेळेला कोपर लागून आरसा खाली पडला. फुटला नाही, पण मी रडायला लागले. पोट फुगत चाललं होतं. शेवटी सिस्टरला फोन लावला.

"किती गेलीय आत?"

"बरीच. अर्धी."

"मग ती मधल्या वाटेला गेलीय. काढू नका! तिथंच राहू दे. ती वाट आता बंद झाली, कळलं? दुसरी नवी नळी घ्या आणि पहिलीच्या वर शोधा."

फोन स्पीकरवर ठेवून मी शोधलं. एका क्षणी नळी थोडी अडली, मग सरकली, आणि पायाशी ठेवलेल्या मगात धार पडली. तिकडून सिस्टर म्हणाली, "आवाज आला बरं का." मोजलं तर साडेसहाशे मिली भरलं. चारशेच्या वर जाऊ द्यायचं नाही असं तिने बजावलेलं होतं.

बाकीच्या अडचणी पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून समोर आल्या. धार मध्येच थांबली तर नळी नखभर आत सारायची किंवा थोडं खोकायचं. पोट साफ नसलं तर नळी जातच नाही, त्यामुळे लघवीसाठी आधी जुलाबाचं औषध. टोकाला रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरायचं नाही, पण गाठी दिसल्या तर तडक दवाखाना. मी हे सगळं वहीत लिहून ठेवायची, शाळेत टाचण काढतात तसं.

नळ्या मी धुऊन, उकळून पुन्हा वापरायची. तसं चालतं म्हणून सिस्टरने सांगितलं होतं. एका सकाळी गॅसवर पातेल्यात त्या उकळत होत्या आणि सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"काय शिजत घातलंयस गो एवढ्या सकाळी?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी झाकण उचललं. पाहिलं. त्यांना कळलं. पातेलं फडक्याने धरून त्या मागच्या दाराने गेल्या आणि सगळं परसात भिरकावलं. पाणी, नळ्या, पातेलं, सगळं. मग आत येऊन गॅसची शेगडी घासायला लागल्या.

"देवाचं नैवेद्याचं इथेच होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"आई, मग मी कुठे करू?"

"ते मला नको विचारू."

मी परसात जाऊन मातीतून नळ्या गोळा केल्या. चार होत्या. तिथेच उकिडवं बसता येईना म्हणून वाकून, कमरेत कळ येत असताना. त्या दिवशी मी बाजारातून वेगळं पातेलं आणि विजेची छोटी शेगडी आणली आणि न्हाणीघराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. त्यावर आमच्यात परत बोलणं झालं नाही.

पण अडकलेल्या नळीचा दिवस मला सांगायलाच हवा. दुपार होती. लघवी होऊन गेली आणि नळी बाहेर येईना. आतून कुणीतरी मुठीत धरावी तशी ती पकडली गेली होती. मी ओढली, तर पोटात अशी कळ आली की ओरडले. सिस्टरचा फोन लागेना. पुन्हा ओढायला हात घातला तेव्हा दाराबाहेरून आवाज आला.

"काय झालं?"

"अडकलंय, आई. निघत नाही."

"ओढतेस?"

"हो."

"ओढू नको! सोड. हात काढ तिथून."

मी हात काढला. बाहेर पाट सरकवल्याचा आवाज आला. त्या दाराशी बसल्या होत्या.

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी दीड दिवस अडले होते," त्या म्हणाल्या. "सुईण सारखी ओरडायची, जोर लावू नको गो, श्वास सोड. तू पण सोड. तोंडाने सोड. लांब."

मी सोडला. त्या बाहेर स्वतःही सोडत होत्या, मला ऐकू येत होतं. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. मांड्या सैल पडल्या आणि मी नुसतं बोट लावलं तर नळी आपोआप सरकून बाहेर आली.

"निघालं," मी म्हटलं.

"बरं." पाट उचलल्याचा आवाज आला आणि त्या गेल्या. संध्याकाळी मी देवघरातली निरांजनं घासायला घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

तीन महिन्यांनी शाळा सुरू केली. शिक्षिकांसाठी एकच बाथरूम होतं आणि त्याची कडी तुटलेली होती. बाकीच्या जणी एका हाताने दार धरून बसायच्या. मला दोन्ही हात लागायचे. कुणाला दाराशी उभी राहा म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. मी सांगितलं नाही. उलट पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी एक कप चहा, मग घरी परत येईपर्यंत काही नाही. चारचे आठ तास झाले. सिस्टरने दोन लिटर पाणी सांगितलं होतं, मी एक बाटलीही संपवत नव्हते. गडद रंगाच्या साड्या नेसायची आणि पॅड लावायची. वर्गात मुली नाक मुरडतात असा भास व्हायचा. भास होता की नाही, ते कधी कळलं नाही.

लघवी हळूहळू पेजेसारखी गढूळ यायला लागली, वासही येऊ लागला. वहीत लिहिलेलं होतं की असं झालं तर दवाखान्यात जायचं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

मग दापोलीला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. पहाटे घरी नळीने लघवी काढून निघाले. एस.टी.ला वेळ लागला, पोहोचले तेव्हा सत्र सुरू झालेलं. दुपारी बाथरूम गाठलं तर नळाला पाणी नव्हतं. हात न धुता नळी घालायची नाही, एवढं मी पाळलं, आणि न घालता परत येऊन बसले. आज वाटतं, बाटलीतलं पाणी होतं की. पण तेव्हा डोकंच चालेना. परतीच्या गाडीत थंडी भरली. दात वाजायला लागले. शेजारची शिक्षिका म्हणाली, "मलेरिया वाटतो हो, बाई." उजव्या कुशीत कुणीतरी कोयती फिरवत होतं. साडी मागून भिजली होती. गाडीच्या सीटवरून उठताना मी पर्स मागे धरली.

रत्नागिरीत उतरले ती सरळ दवाखान्यात. आठ दिवस तिथे होते. उजवं मूत्रपिंड सुजलेलं निघालं. लघवी साचून साचून उलटी वर गेली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवला.

"हे एवढं गेलं. ते आता परत येणार नाही. उरलेलं सांभाळायचं."

सिस्टर भेटायला आली. बाथरूमच्या कडीचं सांगितलं तेव्हा मला वाटलं ओरडेल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "एका कडीपायी, बाई?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शाळेत परत गेले त्या दिवशी आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. दार लोटलं.

"सर, शिक्षिकांच्या बाथरूमला कडी हवी. आणि मला दुपारी वीस मिनिटं हवीत, रोज."

"वीस मिनिटं? कशाला?"

मी सांगितलं. नळी, चार तास, मूत्रपिंड, सगळं. त्यांनी टेबलावरचं हजेरीपत्रक उघडलं आणि मी बोलणं संपवेपर्यंत ते त्यातच बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बघतो." त्याच आठवड्यात कडी बसली. आणि महिन्याभरात साऱ्या शाळेला कळलं. डबा खाताना माझ्या शेजारी बसणारी शिक्षिका खिडकीकडे बसायला लागली. तिकडे वारा येतो म्हणाली. मी पाणी पीत राहिले.

नवरा बोटीवरून आला तो मी दवाखान्यातून आल्यावर दोन महिन्यांनी. पहिल्या रात्री त्याने स्वतःच गादी बाहेरच्या खोलीत टाकली. "तुला झोप नीट लागू दे," म्हणाला. त्या सगळ्या सुट्टीत त्याने घराची कौलं परतून घेतली, पंप दुरुस्त केला, मला हव्या त्या औषधांची खोकी न सांगता आणून दिली. पण मी न्हाणीघराकडे निघाले की तो उठून अंगणात जायचा.

परत जायच्या दिवशी रिक्षा वेळेआधी आली. मी आत होते, नळी घातलेली, धार सुरू. घाई करता येत नाही. घाई केली की सगळं आवळतं. बाहेर त्याची बॅग ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई त्याला हातावर दही घ्यायला सांगत होत्या. मग तो दाराशी आला.

"किती वेळ लागतो?" त्याने विचारलं. सगळ्या सुट्टीत एवढाच एक प्रश्न.

"दहा मिनिटं. अजून पाच तरी."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"बरं, येतो मी," तो म्हणाला.

"सांभाळून जा," मी आतून म्हटलं.

रिक्षा उताराला लागल्याचं ऐकू आलं. धार अजून चालू होती. मी श्वास सोडला, लांब, आणि ती थांबायची वाट बघत बसले.