दोघांनी कसलं दमानं घ्यायचं?

आमच्या सापगावचे दलाल आबा तोंडानं एक बोलायचे आणि हातानं दुसरंच. ही बदनामी नाय, तो त्यांचा धंदाच होता. म्हशाच्या जत्रेत बैलांचा सौदा कसा होतो, ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मधे आबा. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचे, त्याखाली एकाचा हात घ्यायचे, बोटं दाबून भाव कळायचा. मग दुसऱ्याचा हात. वर मात्र जत्रेला ऐकू जाईल असं ओरडणं चालू, "बैल हाय का शेळी रे ही! हिच्यापेक्षा जास्त दात माझ्या तोंडात हायत!" आणि खाली त्याच शेळीचा सौदा पक्का झालेला असायचा.

मी गावातला नकल्या. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, मुरबाडचा आइस्क्रीमवाला, सगळ्यांचे आवाज काढतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. पण आबांची नक्कल करायला नुसता आवाज पुरायचा नाय. वर तोंड चालवायचं आणि खाली बोटं. मी ती करायचो तेव्हा आबा खूश व्हायचे. म्हणायचे, "नकल्या, तोंड जमलं तुला. बोटं जमायला जल्म जाईल."

त्यांचं एक वाक्य पाठ होतं आम्हाला. "मधला मानूस म्हंजे उंबरा. घरात नाय, भायेर नाय." ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते दोन्ही पक्षांच्या जीपमधून फिरायचे, दोन्हीकडं मटण जेवायचे, आणि निकाल लागला की जो येईल त्याचा गुलाल लावून घ्यायचे. गावात भांडण झालं की दोन्ही घरी चहा प्यायचे आणि दोन्ही घरी "तुझंच बरोबर हाय रे" सांगून यायचे. लोकांना हे कळायचं. तरी बोलावायचे. उंबऱ्यावर सगळेच पाय देतात.

अशा माणसाला टीव्हीवरच्या परराष्ट्राच्या बातम्या आवडणारच. रशियानं शेजारच्या युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा आबा ओटीवर टीव्ही लावून बसले, जत्रेत बसल्यासारखे. एकेका देशाचा माणूस सूट घालून यायचा आणि बोलायचा. आबा आम्हाला समजावून सांगायचे. "याचं तोंड नको बघू, रुमालाखाली बघ. हा 'निषेध, निषेध' करतोय ना? खालून गॅस घेतोय. त्यो पलीकडचा रडतोय बघ. रडत रडत बंदुका विकतोय."

"आणि आपण, आबा?"

"आपण? आपण लई हुशार. आपला रुमालपण दिसू देत नाय."

मी लगेच आपल्याकडच्या प्रवक्त्याचा आवाज काढायचो, नाकातून, हळू, चष्मा सावरत. "आम्ही घडामोडींवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा." ओटी हसून लोळायची. आबा म्हणायचे, "लक्ष ठेवायला आपल्यासारखं कोन नाय. धरण आपलं, पानी मुंबैला जातं, आपण लक्षच ठेवतो."

हे हसणं फार चाललं नाय. कारण आबांची नात त्याच युक्रेनमध्ये होती.

स्नेहल. भातसानगरला धरणावर नोकरीला असलेल्या प्रकाशकाकांची मुलगी. डॉक्टर व्हायला गेलेली. सगळ्यांना वाटत होतं की ती जिथं शिकते तिथवर लढाई पोचायची नाय. पोचली. ती आणि तिच्या मैत्रिणी घरमालकिणीच्या तळघरात राहायला लागल्या. घरमालकीण म्हणजे हान्ना नावाची बाई, सुमनकाकीच्या वयाची. सुमनकाकी म्हणजे स्नेहलची आई, आबांची सून. या हान्नाबाईचा स्वतःचा मुलगा लढायला गेला होता, आणि ती या परक्या पोरींना बटाटे उकडून घालत होती.

व्हिडिओ कॉलवर मागं अंधार, पुढं स्नेहलचा चेहरा, आणि कोपऱ्यात हान्नाबाई. सुमनकाकी बोलायची नाय, नुसती स्क्रीनवरून बोट फिरवायची. एकदा हान्नाबाई पुढं आली. स्नेहलला काहीतरी बोलली.

"काय म्हन्ते गो ती?" आबांनी विचारलं.

"ती विचारते, तुमचा देश कोणाच्या बाजूनं आहे?"

मी तिथं होतो. ज्या माणसाचं कधी कोणाला उत्तर द्यायला अडलं नाय, तो म्हणाला, "तिला इचार, जेवली का?"

स्नेहलनं विचारलं. बाई हसली, मान हलवली. कॉल संपला. आबा उठले, अंगणात गेले आणि पाण्याच्या बादलीला अशी लाथ मारली की बादली गोठ्यापर्यंत गेली. "जेवली का म्हने! तिच्या डोक्यावर बाँब पडतायत आन मी जेवन इचारतो! माझी जीभ का झडली नाय?"

मी त्यांना बरं वाटावं म्हणून नाकातून आवाज काढला, "आम्ही लक्ष ठेवून..."

"गप रे. आज नको."

पुढं स्नेहल निघाली. आधी गच्च भरलेल्या गाडीनं, मग बर्फातून चालत, पोलंडच्या हद्दीपर्यंत. निघताना हान्नाबाईनं स्वतःच्या आईचा जाड कोट तिला घातला. तू पण चल म्हटलं तर म्हणाली, मुलगा घरी आला आणि दार बंद दिसलं तर? हद्दीच्या पलीकडं आपलं विमान होतं. स्नेहल घरी आली. सुमनकाकीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. हान्नाबाईचा फोन थोडे दिवस लागला. नंतर लागलाच नाय. स्नेहल रोज लावायची. रोज परक्या भाषेतली तीच रेकॉर्ड वाजायची.

आणि इकडं तालुक्यात बॅनर लागले. स्नेहलचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात, त्यांचा टेम्पोएवढा. 'मायदेशी सुखरूप आणल्याबद्दल आभार.' शहापूरला हॉलमध्ये सत्कार ठरला. स्नेहल म्हणाली, "मी बोलणार. हान्नाकाकींबद्दल बोलणार. त्यांच्या बाजूनं आपण एक शब्द बोललो नाही, हे पण बोलणार." घरात सगळ्यांचे चेहरे पडले. कारण भाऊ आदल्या दिवशी ओटीवर येऊन बसून गेले होते. "आबा, तुम्ही दोन गोड शब्द बोला. पोरीचं शिक्षण अर्धं राहिलंय, इथल्या कॉलेजात घ्यायचं बघतो. मी वर बोलतो. फक्त वाकडं काही नको. पोरगी लहान आहे, तुम्ही सांभाळून घ्या." आबांनी मान हलवली होती. चहा पण दिला होता.

"तू नको बोलू," आबा स्नेहलला म्हणाले.

"आबा, तुम्ही पण?"

"तुझं शिक्षान अडकलंय. माझं काय अडकलंय?"

सगळ्यांना वाटलं, आबांनी सौदा केला. मला पण वाटलं.

हॉल भरलेला. सुरुवातीला लोकांना हसवायला मला उभं केलं. मी केलं माझं. मुरबाडच्या स्टँडवर एकानं दुसऱ्याच्या कानाखाली मारली तर कोणता देश काय म्हणेल, ते सगळ्यांचे आवाज काढून दाखवलं. भाऊ पोट धरून हसले. मग आबांच्या हातात माइक आला.

"पोरीला विमानातनं आनली, त्यांचे उपकार. ह्यात खोटं नाय," आबा म्हणाले. टाळ्या. "पन हद्दीपर्यंत ती आपल्या पायानं गेली. आन तिथवर जित्ती ठेवली ती एका बाईनं. त्या बाईच्या दारात रणगाडा आला तवा आपण काय बोललो? दोघांनी दमानं घ्या. आरे, एक घरात घुसलाय. दुसरी घरातच हाय. दोघांनी कसलं दमानं घ्यायचं? तिनं काय करायचं, सोताच्या घरात हळू मरायचं?"

आबांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"मी जल्मभर मधला. पन बैल चोरीचा हाय कळलं की मी त्याच्या दाव्याला हात लावला नाय. मधे बसनं येगळं, आन बघत बसनं येगळं. तिनं मला इचारलं, तुमी कोनाच्या बाजूनं? मी तिला सांगू नाय शकलो. आता तिचा फोन लागत नाय. म्हनून हितं सांगतो. मी तिच्या बाजूनं. भाऊ, तुमी?"

भाऊ हसले. हात जोडले. घड्याळ बघितलं.

स्नेहलच्या कॉलेजसाठी भाऊंनी वर शब्द टाकला नाय, हे सांगायला नको. स्नेहल वर्षभर घरी बसली, मग शिक्षण पुरं करायला तिसऱ्याच देशात गेली. पुढच्या जत्रेत आबांकडं चारदोन जुनी माणसं आली, बाकीचे लांबून राम राम करून गेले. भाऊंच्या माणसांनी सांगितलंच होतं, म्हातारा आता बाजू घेतो. माझा तिळपापड झाला. आबांचा नाय. रिकामे बसून मला म्हणाले, "बोटं म्हातारी झाली रे. जीभ आत्ता कुठं वयात आली."

त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले. एका दिवसाच्या तापानं. स्नेहलला येता आलं नाय.

दशक्रियेला नदीवर गर्दी होती. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात, आणि पहिला माइक कोणाला जातो तेही सगळ्यांना माहितीय. भाऊंनी पांढरा रुमाल डोळ्यांना लावला. आबांचे गुण सांगितले. जत्रा सांगितली, बैल सांगितले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आबांचा सगळ्यात मोठा गुण कोणता? त्यांनी आयुष्यात कधी कोणाची बाजू घेतली नाही. ते सगळ्यांचे होते."

माना हलल्या. खरंच हलल्या. त्या हॉलमध्ये बसलेल्या माणसांच्याच माना. मी उठायला लागलो. पण माझ्याआधी बायकांतून कोणीतरी उठलं. सुमनकाकी होती. आख्ख्या गावानं तिचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता.

"घेतली व्हती," ती म्हणाली. "एका परक्या बाईची बाजू घेतली व्हती. तुमच्या तोंडावर. खोटं नका सांगू त्यांच्या माघारी."

भाऊंनी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर एवढी माया आणली की काय सांगू.

"वहिनींच्या भावना आम्ही समजू शकतो," ते माइकमधून म्हणाले.

"भावना नाय सांगत मी," सुमनकाकी म्हणाली. "झालं ते सांगते."