ऑरेलची दाढी आणि निळा स्क्रू

आमच्या कार्यशाळेत कुणाच्या चिमट्यातून घड्याळाचा एखादा भाग सटकून उडाला, की त्याने मोठ्याने ओरडायचं, "थांबा!" मग शिंक आली तरी गिळायची, पण पाय जागचा हलवायचा नाही. थेवोज मास्तर दिवा आणून जमिनीलगत आडवा धरतात आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळतो. भाग सापडो न सापडो, ज्याने तो उडवला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या वर्गाला लोण्याचे क्रोसाँ खाऊ घालायचे. हा दंड कोणी सुरू केला ते मास्तरांनाही ठाऊक नाही. त्यांच्या मास्तरांनीसुद्धा तो भरलाय म्हणे.

आता मी पडले बेकरीतली. अर्धं आयुष्य पीठ मळण्यात गेलं, मग त्याच पिठाने दमा दिला. डॉक्टर म्हणाले, "ओदेत, पीठ सोड." म्हणून या वयात डोळ्याला भिंग लावून घड्याळं शिकायला बसले. ज्या दुकानात मी स्वतःच्या हाताने क्रोसाँ वळले, त्याच दुकानात दंडाचे क्रोसाँ विकत घ्यायला जायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. जुनी मालकीण गल्ल्यावरून ओरडायची, "काय गं, आज पुन्हा?" भोचक मेली!

पण मला सांगायचंय ते ऑरेलचं.

ऑरेल गिन्यार आमच्या खोऱ्यातला गुराखी. उन्हाळाभर वरच्या कुरणांवर गाई घेऊन राहायचा आणि हिवाळ्यात खाली गावात चीज करायचा. दारात उभा राहिला की आतला उजेड जायचा. चीजच्या चाकाएवढ्या जड ढेपा उचलून उचलून त्याची कंबर कामातून गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. मग पुनर्वसन कार्यालयातल्या बाईंनी त्याला सरळ सांगितलं, की एक वर्ष घड्याळांची कार्यशाळा कर. परीक्षा पास झालास तर इथेच कारखान्यात बाकावर बसशील. नाही झालास तर खाली लोझान शहरात एका गोदामात खुर्चीवरचं काम आहे, तिकडे जायचं. दुसऱ्यांदा परीक्षा नाही.

पहिल्याच दिवशी हे त्याने मला सांगितलं, कारण त्याचा बाक माझ्या शेजारी होता.

"खालची हवा मला मानवत नाही," तो म्हणाला.

"तू कधी गेलास रे खाली?"

"सैन्यात असताना. खोलीला खिडकीच नव्हती."

मी हसले, पण तो हसत नव्हता. या माणसाला खोऱ्याबाहेर नेलं तर तो वाळून जाईल, हे मला तिथेच कळलं.

आणि ती दाढी! छातीपर्यंत रुळणारी, गव्हाळ रंगाची, जाडजूड. आमच्याकडे गुराख्याची दाढी म्हणजे त्याची पत. मास्तरांनी पहिल्या तासालाच चष्मा कपाळावर चढवला.

"गिन्यार, ही काढावी लागेल. दाढी भाग खाते."

"नाही हो मास्तर. पहिल्या उन्हाळ्यात वर गेलो तेव्हापासून आहे ती. लग्नात होती. माझ्या बायकोने, लिझेतने, मला तिच्याशिवाय पाहिलेलंच नाही. गाईंनीही नाही."

"परीक्षा गाई घेणार नाहीत."

"तेच तर वाईट आहे. त्यांनी पास केलं असतं."

मास्तरांचे ओठ हलले. त्यांना हसू आवरायला फार कष्ट पडतात. शेवटी जाळी लावण्यावर तडजोड झाली. चीज करताना तो दाढीला जाळी लावायचाच, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बोटांचं मात्र काय करणार? बोटं कसली, गाजरंच ती. धारा काढून आणि मिठाच्या पाण्यात हात घालून अंगठ्याला अशा भेगा पडलेल्या, की आमच्या वर्गातली ग्रासा म्हणायची, "काका, यात मका पेरला तर उगवेल." ग्रासा पोर्तुगालची, वर्गात सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठी.

त्या गाजरांनी त्याने पहिल्या महिन्यात इतके भाग उडवले, की रोज सकाळी आम्हाला फुकट न्याहारी. माझी जुनी मालकीण त्याच्यावर खूश. मी म्हटलं, "ऑरेल, तुझ्यामुळे माझं वजन वाढतंय." तर म्हणतो कसा, "गाय अंगाने भरली की दूधही वाढतं." मी त्याला पुसायचं फडकं फेकून मारलं.

पण माणूस चिवट हो! केसाएवढ्या स्प्रिंगवर आम्ही दात-ओठ खायचो, मास्तरांच्या नावाने बोटं मोडायचो. हा आपला शांत. बिघडलं की पुन्हा उघडायचा, पुन्हा जोडायचा. कुरणावरून त्याने पिवळ्या जेंशियन फुलाच्या वाळलेल्या दांड्या आणल्या, अख्ख्या वर्गासाठी. घड्याळातली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीची कड चमकवायला त्या दांडीच्या लाकडासारखं दुसरं काही नाही. हळूहळू त्याच्या बाकावरून "थांबा!" ऐकू येईनासं झालं. क्रोसाँ बंद झाले तेव्हा खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

उलट आमचे भाग उडायचे तेव्हा शोधायला सगळ्यांत पुढे हाच. कंबरेमुळे गुडघ्यांवर बसता यायचं नाही, म्हणून सरळ पालथा पडायचा आणि पोटावर सरकत, जाळीतून निसटलेल्या दाढीने फरशी पुसत बाकांखाली शिरायचा. ग्रासा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "काका, उजवीकडून पण झाडा."

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःचं घड्याळ करायचं असतं. पट्ट्या आपण घासायच्या, स्क्रू आपण निळे करायचे. पोलादाचा स्क्रू पितळेच्या किसावर ठेवून तापवला की आधी पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मग एक क्षण निळा. तो क्षण चुकला की राखाडी, की फेकून द्या. माझे सगळे जांभळट राहिले, कारण मला धीर धरवत नाही. ऑरेलचे मात्र असे निळे, की मास्तर नुसतेच बघत राहिले.

"हा रंग कुठून आणलास?" मी विचारलं.

"बर्फ वितळल्यावर वर जे बुटकं फूल येतं ना, ते डोळ्यांपुढे धरलं."

मला राग आला. मलाही तेच फूल माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी जिनिव्हाहून एक परीक्षक बाई आल्या. आपण केलेलं घड्याळ त्यांच्यासमोर पूर्ण उघडायचं, साफ करायचं, पुन्हा जोडायचं, आणि जेवणाच्या घंटेपर्यंत ते चालू हवं. सगळे भाग आपल्या हातचे. पेटीतला तयार स्क्रू लावला तर नापास.

माझं झालं. ग्रासाचं झालं. ऑरेलचं तोलचक्र, म्हणजे घड्याळाला ठोका देणारं चाक, बसलं, वरची पट्टी बसली, आता तिचा शेवटचा निळा स्क्रू तेवढा राहिला. मी तिरक्या डोळ्याने बघत होते. त्याने चिमटा बशीकडे नेला आणि हात तिथेच थांबला. बशी रिकामी.

"थांबा," तो म्हणाला. ओरडलाही नाही.

आम्ही जिथल्या तिथे. परीक्षक बाई म्हणाल्या, "असं थांबणं नियमात नाही."

"या इमारतीत आहे," मास्तर म्हणाले आणि दिवा घेऊन खाली बसले.

फरशी पाहिली. बाक पाहिला. अंगावरचे कामाचे झगे झटकले. बाई स्वतः स्कर्ट सावरून गुडघ्यांवर आल्या. स्क्रू कुठेच नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि ऑरेलच्या तोंडावरचं रक्त उतरत चाललं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते लोझानचं गोदाम आलं.

तेवढ्यात ग्रासा किंचाळली, "काका, जाळी कुठाय?"

जाळी त्याच्या खिशात होती. घामाने खाज सुटली म्हणून सकाळीच काढलेली. सगळ्यांचे डोळे दाढीवर.

"लोहचुंबक आणू का?" ग्रासा म्हणाली. मास्तर जवळजवळ कोसळले. घड्याळांच्या खोलीत लोहचुंबक म्हणजे चुलीशेजारी पेट्रोल, एकूणएक घड्याळ बिघडायचं!

"विंचरून बघू," मी म्हटलं. पण कंगवा त्या जंगलात शिरेच ना.

ऑरेलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ओदेत, कात्री दे."

"अरे, असं काय करतोस! बघू या ना जरा..."

"वेळ नाही. दे."

मी दिली. त्याने बाकावर पांढरा कागद पसरला, खाली वाकला आणि कापायला लागला. त्याचा हात जराही हलला नाही. कागदावर ढीग पडत गेला. एका माणसाचा सगळा तरुणपणा डोळ्यांदेखत कापला जात होता, आणि मला भडभडून आलं. शेवटी जी हनुवटी उघडी पडली ती पांढरीफटक होती, वरचा चेहरा उन्हाने रापलेला. जणू दोन माणसं एकावर एक ठेवलेली.

भिंग लावून आम्ही त्या ढिगावर तुटून पडलो. सापडलं बरंच! ग्रासाची एक चकती. पावाचा चुरा. आणि एक स्क्रू.

"मिळाला!" ग्रासा ओरडली.

मी भिंगातून पाहिलं. जांभळट होता. माझाच तो, मंगळवारी हरवलेला. ज्याच्यापायी बुधवारी मालकिणीचे टोमणे ऐकले होते तोच.

"मेल्या, दाढी धुतोस की नाही तू?" मी रडतरडत ओरडले.

"रविवारी," ऑरेल म्हणाला. त्याच्या आवाजात काही उरलंच नव्हतं. त्याचा स्क्रू नव्हता तिथे. तो खुर्चीवर बसला आणि त्याने आपला अंगठा त्या नव्या हनुवटीवरून फिरवला, नवल वाटल्यासारखं. आणि मला काहीतरी चमकलेलं दिसलं. निळं.

"हलू नकोस!" मी त्याचं मनगट धरलं. अंगठ्याच्या भेगेत, अगदी खोल, त्याचा स्क्रू आरामात झोपला होता. मी चिमट्याने अलगद उचलला. "अरे देवा, तुला टोचलं कसं नाही?"

"तिथे मला काही कळतच नाही गं."

त्याने स्क्रूकडे पाहिलं. मग कागदावरच्या ढिगाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बाक उलटा करणार. तर गडी हसायला लागला! दुखरी कंबर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले, स्क्रू घेतला आणि बसवला. तोलचक्राने एक हेलकावा घेतला, मग दुसरा, आणि सुरू झालं. मास्तरांनी वाकून कान लावला. त्यांनी मान हलवली आणि मग जेवणाची घंटा झाली.

"इथे नेहमी असंच असतं का?" परीक्षक बाईंनी गुडघे झटकत विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "एरवी दाढी राहते."

ऑरेल पास झाला. जाता जाता म्हणाला, "उद्याचे क्रोसाँ माझ्याकडून."

"गप बस," मी म्हटलं. "तुझा स्क्रू खाली पडलाच कुठे? दाढीवर आळ आम्ही घेतला, दंड आम्ही भरणार." आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आणले. मास्तरांनीसुद्धा. ऑरेलच्या बाकावर ठेवायला जागा उरली नाही, आणि दुकानात आमची एवढी रांग बघून माझ्या जुन्या मालकिणीला पहिल्यांदाच विचारायला सुचलं नाही की आज कुणाचं काय हरवलं.

घरी लिझेतने दार उघडून "कोण हवंय आपल्याला?" असं विचारलं म्हणे. मग आवाज ओळखल्यावर पोटभर हसली. "हनुवटीला खळी आहे की तुला! इतकी वर्षं लपवून ठेवलीस होय रे?" हे सांगताना तो पोरीसारखा लाजला.

पण एक गोष्ट त्याला आतून खात होती, ते मला दिसत होतं. कार्यशाळा संपायच्या आठवड्यात गाई वर निघाल्या. कपाळाला फुलं, गळ्यात मोठ्या घंटा. या वेळी पुढे ऑरेलचा पुतण्या होता. आम्ही सगळ्यांनी काचेशी गर्दी केली. ऑरेल पांढऱ्या झग्यात उभा. त्याची लाडकी त्युलिप कळपाच्या अग्रभागी होती. ती खिडकीसमोरून गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. ओळख नाही.

ऑरेलचा चेहरा पडला. मला ते बघवेना.

"अरे, हाक मार ना!" मी म्हटलं.

"खिडकी उघडायची नसते. धूळ येते." हा नियम आमच्याकडे सगळ्यांत कडक. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीकडे बघत होते, फार लक्ष देऊन.

मी कडी काढली.

ऑरेलने हाक मारली. ती लांब, खाली-वर जाणारी, कुरणावर मारतात ती. त्युलिप जागच्या जागी थांबली. तिच्यामागे अख्खा कळप थांबला, त्याच्यामागे पोस्टाची बस थांबली. त्युलिप वळली, रस्ता ओलांडून आली, खिडकीतून मुंडी आत घातली आणि त्याच्या त्या पांढऱ्या हनुवटीवरून जीभ फिरवली. खाली, वर, पुन्हा खाली. ऑरेल हसत होता आणि रडत होता, आणि मीही. ग्रासा तर हुंदकेच देत होती.

"जा आता," तो तिच्या कानाशी म्हणाला. "मी इथेच आहे. उतरशील तेव्हा भेटू."

कळप पुढे गेला. ग्रासा डोळे पुसत खिडकी लावायला गेली. घंटांचा आवाज अजून येत होता.

"राहू दे उघडी," मास्तर म्हणाले.