जॅक हवा तर चावी ठेव

माझ्या टेम्पोत सीटखाली गोणपाटात बांधलेली सात हत्यारं असतात: जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना, पक्कड, टॉर्च आणि दोन स्क्रूड्रायव्हर. प्रत्येकावर मी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. ती हसते. हसू दे. भिवंडीत इतकी वर्षं गोदामांना माल पोचवतोय. कुणी गोड बोलायला लागला की माझं लक्ष आधी गोणपाटाकडे जातं.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. रस्त्यात कुणाला जॅक दिला तर तो परत मिळेपर्यंत त्याचं काहीतरी ठेवून घ्यायचं. बाकीचे लायसन्स घेतात. मी गाडीची चावी घेतो. लायसन्स खोटंही असतं, चावीशिवाय मात्र कोणी पळत नाही.

गेल्या हिवाळ्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, खारबावच्या रस्त्याला एका माणसानं हात केला. जुनी व्हॅन, मागचं चाक बसलेलं. स्टेपनी होती, जॅक आणि पाना नव्हता. आत त्याची म्हातारी आई आणि एक शेजारीण. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, अकराच्या आत सरकारी दवाखान्यात पोचायचं होतं. म्हातारी महिनाभर तयारच नव्हती. मुलाचा हात धरून आत जाईन, नाहीतर जाणार नाही, या बोलीवर निघाली होती.

मला ही सगळी गोष्ट जरा जास्तच भरलेली वाटली. जॅक मागायला आई कशाला सांगावी लागते? मी चावी मागितली. त्यानं निमूट काढून दिली. वर माझा फोन नंबर मागितला, तर मी दिला नाही. नंबर कशाला हवा, चहाला बोलवणार होता का?

त्यानं झटपट चाक बदललं, जॅक आणि दांडा पुसून आणून दिला. मी गोणपाट बांधतोय तोवर मागून एका कंटेनरवाल्यानं हॉर्न वाजवून डोकं उठवलं. मी गाडी काढली. आरशात पाहिलं तर तो माणूस हात हलवत मागे धावत होता. आता आणखी काय हवंय याला, म्हणून मी वेग वाढवला.

राहनाळला गोदामाच्या गेटवर थांबलो, गोणपाट सोडलं. सहाच. पाना नव्हता. अंगाचा तिळपापड झाला. तरी म्हटलं, एवढा गरीब चेहरा! माल उतरवायचा तसाच ठेवून गाडी वळवली, चोराला रस्त्यातच गाठायचं ठरवून. वाटेत तंबाखूसाठी खिशात हात घातला आणि चावी हाताला लागली.

चोराची गाडी माझ्या खिशात होती. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. व्हॅन तिथंच होती. तो दगडावर बसला होता, मांडीवर पाना आडवा ठेवून. आईला आणि शेजारणीला त्यानं रिक्षात बसवून दिलं होतं. पाना चाकामागं राहिला होता. तो कोणी उचलू नये आणि मी परत आलो तर चुकामूक होऊ नये, म्हणून तो स्वतः थांबला होता.

मी चावी पुढे केली आणि आईचं विचारलं.

"शेजारनीचा फोन आल्ता," तो म्हणाला. "आई आत जायला तयार न्हाय. माझी वाट बघत बाकड्यावर बसलीय. नंबर गेला. आता म्होरल्या म्हैन्यात."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तोच त्यानं पाना माझ्या हातात दिला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझी सवय त्यानं सकाळीच ओळखली असावी.

"मोजून घ्या, दादा," तो म्हणाला.