नागोराव मलेरियावाल्यांचा वजीफा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या आसपासच्या सोळा गावांत नागोरावांना नागोराव म्हणून फारसं कुणी ओळखत नसे. ते ‘रगतवाले’. पंधरा दिवसांतून एकदा त्यांची सायकल दाराशी लागायची, ‘कोनाले ताप हाये का?’ अशी हाक यायची आणि घरातली लेकरं गोठ्यात पळायची. नागोराव मलेरिया खात्यात होते. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त काचेच्या पट्टीवर पसरायचं, हातावर कडू गोळ्या ठेवायच्या, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढचं घर गाठायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. कुणाच्या घरी माणसं किती, गुरं किती, कोणाची लेक माहेरी आलीय आणि कोणाची सून रुसून गेलीय, हे पटवाऱ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असायचं.

आणि असा माणूस स्वतःच्या घराचा कागद भरताना तोंडावर आपटला.

एकोणीसशे नव्वदचा पोळा सरला आणि आदिलाबादच्या दफ्तरातून लिफाफा आला. पुढच्या जूनमध्ये नागोरावांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, तेव्हा वजीफ्याचे कागद भरून द्या, असं त्यात होतं. पेन्शनला आमच्याकडे जुनी माणसं अजून वजीफाच म्हणतात; निजाम गेला, पण दफ्तरातली त्याची भाषा काही गेली नाही. एका कागदावर लिहिलं होतं, ‘कुटुंबाचा तपशील’. नागोरावांना हसू आलं. असले कागद त्यांनी हजारांनी भरले होते. ओसरीवर बसून त्यांनी सवयीनं ठोकून दिलं : घर क्रमांक सत्तावीस. कुटुंबप्रमुख, प्रयागबाई. माणसं, दोन. गुरं, एक म्हैस. ताप, नाही.

दफ्तरातले मोठे मुन्शी सुधाकरराव तो कागद वाचून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेजारच्या दोन टेबलांवर तो फिरवून आणला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी विचारलं, ही प्रयागबाई म्हणजे तुमचं कुटुंब का? नागोराव म्हणाले, नाही, मोठी बहीण. बायको? केली नाही. लेकरं? बायकोच नाही तर लेकरं कुठून येणार? सुधाकररावांचं हसू ओसरलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“नागोराव, तुमी हाये तवर वजीफा हाये,” ते म्हणाले. “तुमच्या मागं बायकोले भेटते, लेकराले भेटते. बहिणीचा रकानाच नाई या कागदात.”

नागोरावांनी कागद ओढून घेतला आणि एकेक रकाना बोटानं तपासला. का तपासला ते सांगायला हवं. ते दहा वर्षांचे असताना पटकीच्या साथीत आईबाप एकाच आठवड्यात गेले. अठराच्या प्रयागबाई तेव्हा सासरी होत्या. वर्षभरात नवराही गेला, आणि त्या कपाळ पुसून माहेरी एकट्या पडलेल्या भावाजवळ परतल्या. लोकांचा कापूस वेचला, लोकांची ज्वारी खुडली आणि भावाला उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकवलं. त्या सातवीवरच नोकरी लागली. लग्नाचं एकदा ठरतही आलं होतं. पण मुलीच्या बापानं बैठकीतच विचारलं, बहीण कुठं राहणार? नागोराव म्हणाले, आत्ता राहते तिथंच. बाप पान न खाता उठला आणि नागोरावांनीही तो विषय कायमचा गुंडाळून ठेवला. आता गंमत बघा. जिच्यासाठी बायको केली नाही, तिलाच बायको नसल्यामुळे काही मिळणार नव्हतं. कायद्याला डोळे नसतात म्हणतात. मला तर वाटतं, त्याला बहीणच नसावी.

सुधाकरराव माणूस भला. त्यांनी कागदाच्या पाठीवर सगळं मांडून दाखवलं. वजीफा शेवटच्या पगारावर ठरतो. पुरी तेहेतीस वर्षं भरली की अर्धा पगार. तुमची एकतीस, म्हणून जरा कमी. तो जसाच्या तसा महिन्याला घ्या, हा एक रस्ता. दुसरा असा, की त्याचा तिसरा हिस्सा सरकारला विकायचा. एकरकमी पैसा हातात पडतो, तो बहिणीच्या नावानं पोस्टात ठेवता येईल. पण मग महिन्याचा वजीफा पंधरा वर्षं तेवढा कापून येणार. नागोरावांना ते लगेच उमगलं. उभी तूर हिरवीच विकण्यातला प्रकार. गरज भागते, पण सुगीच्या दिवसांत हात चोळायला लागतात. जाताना सुधाकरराव डोळा बारीक करून म्हणाले, तिसराही रस्ता आहे, जूनच्या आत लग्न करून टाका.

ते थट्टेत म्हणाले होते, पण नागोरावांनी ते मनावर घेतलं. म्हणजे लग्नाचं नव्हे, काळजीचं. आपण उद्या डोळे मिटले तर बहिणीचं काय, हा एकच भुंगा. उरलेल्या तापाच्या फेऱ्यांत ते ज्याच्या त्याच्या बोटाला सुई टोचता टोचता सल्ला विचारू लागले. आता ज्याच्या बोटातून रक्त निघतंय तो माणूस काय शहाणपणाचं बोलणार? एक म्हणाला, विकून टाका. दुसरा म्हणाला, सरकारला काही विकू नये. तिसरे उद्धवराव, तालेवार कापूसवाले, त्यांनी तर आपल्या विधवा मेहुणीची माहितीच दिली. वय बेचाळीस, दोन एकर जमीन, दात शाबूत. नागोरावांनी घाईघाईनं गोळ्या दिल्या आणि भिंतीवर तारीख टाकायचं विसरून सायकल हाणली.

सोळा गावांच्या बातम्या जो इतकी वर्षं घरोघर नेत होता, त्याची बातमी त्याच्या आधी घरी पोचली यात नवल ते काय! संध्याकाळी प्रयागबाई म्हशीची धार काढून आल्या, चरवी खाली ठेवली आणि भावासमोर बसल्या. मेहुणीचं काय ते आधी सांग, म्हणाल्या. नागोरावांनी मान खाली घालून सगळं ओकून टाकलं : रकाना नसलेला कागद, तिसरा हिस्सा, पोस्ट, आणि आपल्या मागं तिच्या हातात काहीच उरणार नाही हेही.

प्रयागबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“नागो, मी तुह्याहून आठ वर्सानं मोठी हाये. तू आपल्याच मरनाचा हिसोब करून राह्यला. पयला नंबर माहा हाये, हे तुह्या ध्यानात काऊन नाई आलं?”

एकतीस वर्षं सोळा गावांतल्या माणसांची वयं नागोरावांनी वहीत लिहिली होती. घरातली दोन वयं शेजारी शेजारी मांडून बघायचं मात्र राहून गेलं होतं.

“माह्या मागं तुले भाकर कोन टाकून देईन?” प्रयागबाईंनी विचारलं. “थ्याचा रकाना हाये का सरकारच्या कागदात?”

मग त्यांनीच निकाल लावला. वजीफा विकायचा नाही, पुरा घ्यायचा. तू आधी गेलास तर मला कापूस वेचता येतो, तुझ्या नोकरीआधीही मी जेवतच होते. उद्धवरावांच्या मेहुणीला माझा रामराम सांग. आणि उद्यापासून पहाटे चुलीजवळ येऊन बसायचं.

सुधाकररावांनी नवा कागद भरून घेतला. त्यात गुरांचा उल्लेख नव्हता. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जी शाळा भरली, तिच्यासारखी कडक शाळा निजामाच्या अमलातही नसेल. काचेवर रक्ताचा थेंब बोटाच्या एका फटकाऱ्यात सारखा पसरणाऱ्या नागोरावांना परातीत पीठ काही पसरेना. भाकरी कडेला फाटायची, उचलली की हातातच दोन व्हायची, तव्यावर पडली की एका बाजूनं कोळसा. प्रयागबाई ते तुकडे म्हशीला घालत आणि पुढचा गोळा पुढ्यात ठेवत. म्हैस त्या सहा महिन्यांत चांगलीच अंगावर आली.

जून उजाडला. बोथच्या दवाखान्यात हार झाला, शाल झाली, डॉक्टरसाहेब तेलुगूत चार गोड शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी कुठं जायचंच नव्हतं, म्हणून नागोराव अंधारातच उठले आणि बहीण जागी व्हायच्या आत चूल पेटवली. त्या दिवशीची भाकरी मात्र टम्म फुगली. त्यांनी ती ताटात ठेवली, कडेला ठेच्याचा गोळा घातला, पाण्याचा तांब्या भरला आणि प्रयागबाईंना हाक मारली.

त्या आल्या, ताटावर बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. माहेरी परतल्या तेव्हापासून त्या घरात ज्या भाकरी झाल्या, त्या सगळ्या त्यांच्याच हातच्या. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी थापलेली, वाफ निघणारी भाकरी त्यांच्या ताटात इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पडली होती. नागोरावांनी घाबरत विचारलं, कच्ची राहिली का? प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले, एक घास मोडला आणि सावकाश चावून खाल्ला.

“आनखी एक टाक,” त्या म्हणाल्या.